ॲलन ट्यूरिंग व यंत्राचें स्मृतिभांडार

पाटीवर लांबलचक भागाकार करावयास बसलेल्या मुलाची खरी अडचण पुष्कळदां भागाकाराची नसते, जागेची असते. उत्तर एका कोपऱ्यांत, कच्चा गुणाकार दुसऱ्या कोपऱ्यांत, हातचा कोठें तरी कडेला. आणि पाहतां पाहतां पाटी भरून जाते. मग कांहीं तरी पुसल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आणि जें पुसावयाचें तें पुन्हां लागणार नाहीं ना, हें आधीं ठाऊक असावें लागतें. घाईनें नको तें पुसणाऱ्यास सारें गणित पुन्हां मांडावें लागतें, आणि कांहींच न पुसणाऱ्याचें गणित अर्ध्यावर राहतें. आज ज्यांस आपण संगणक म्हणतों त्या यंत्रांची अडचणही हीच आहे. ती ज्यांनीं फार लवकर व फार स्पष्टपणें ओळखली, त्या ॲलन ट्यूरिंग ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत द्यावयाचें आहे.

ॲलन मॅथिसन ट्यूरिंग ह्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजीं लंडन येथें झाला. त्यांच्या घराण्याचा हिंदुस्थानाशीं निकट संबंध होता. वडील ज्यूलियस ट्यूरिंग हे मद्रास इलाख्यांत सनदी अधिकारी होते. आई एथेल सेरा ह्या मद्रास रेल्वेचे मुख्य इंजिनिअर एडवर्ड स्टोनी ह्यांच्या कन्या असून त्यांचा जन्म पोदनूर येथला. नोकरी इकडे आणि मुलें तिकडे, अशी त्या काळच्या अनेक इंग्रज अंमलदारांप्रमाणें ह्या दांपत्याचीही स्थिति होती. ॲलन व त्याचा वडील बंधु जॉन ह्या दोघांस सेंट लेनर्ड्स ह्या समुद्रकांठच्या गांवीं एका निवृत्त लष्करी अंमलदाराच्या घरीं ठेवून आईबाप बोटीनें परत जात. आई मधूनमधून येई, कांहीं दिवस राही आणि पुन्हां निघे. वसतिगृहांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस त्या घरांतील संध्याकाळ कशी असेल हें निराळें सांगावयास नको.

मुलगा आपल्याच नादांत असे. वाचावयास तो कोणी न शिकवितां तीनएक आठवड्यांत शिकला. परंतु अक्षरांपेक्षां आंकड्यांवर त्याचें प्रेम अधिक. रस्त्यानें जातांना प्रत्येक दिव्याच्या खांबापाशीं थांबून त्यावरील क्रमांक वाचावा, ही त्याची खोड बरोबर चालणाऱ्या वडील माणसांस फार जाचक होई. १९२६ सालीं शेरबोर्न येथील शाळेंत त्याची रवानगी झाली, ती नेमकी इंग्लंडांतील सार्वत्रिक संपाच्या दिवशीं. साऊदॅम्प्टनच्या बंदरांत उतरून पाहतो तों आगगाड्या बंद! चौदा वर्षेंही पुरीं न झालेल्या ह्या मुलानें सायकल काढली, वाटेंत एका खाणावळींत रात्र काढली आणि साठ मैलांची मजल मारून दुसऱ्या दिवशीं तो शाळेच्या दारांत हजर झाला. शाळेस मात्र ह्या चिकाटीचा उपयोग लवकर कळला नाहीं. तेथें लॅटिन व ग्रीक भाषांचा मान मोठा. ॲलनचें अक्षर वेडेंवांकडें, वही शाईनें बरबटलेली, आणि उत्तर बरोबर असलें तरी रीत स्वतःची. शिक्षकांचे अभिप्राय फारसे अनुकूल नसत. एक वर्ग पुढें असलेला ख्रिस्तोफर मॉर्कम हा त्याचा पहिला जिवलग मित्र. दोघांस तारे आणि गणित ह्यांचें सारखें वेड. फेब्रुवारी १९३० मध्यें तो मित्र क्षयानें वारला. ॲलन त्याच्या आईस पुढें कित्येक वर्षें पत्रें लिहीत असे.

१९३१ सालीं ट्यूरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत दाखल झाले आणि १९३५ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्याच कॉलेजाचे फेलो झाले. त्या सुमारास न्यूमन ह्यांच्या व्याख्यानांत त्यांनीं एक प्रश्न ऐकला. गणितांतील कोणतेंही विधान सिद्ध होण्याजोगें आहे कीं नाहीं, हें ठरविण्याची एखादी ठराविक, बुद्धीचा वापर न करतां चालणारी रीत असूं शकेल काय? उत्तर देण्यापूर्वीं ट्यूरिंग ह्यांनीं निराळाच विचार केला. रीत म्हणजे काय? माणूस कागदावर आंकडेमोड करतो तेव्हां तो प्रत्यक्षांत काय करतो? १९३६ सालीं लिहिलेल्या आपल्या निबंधांत त्यांनीं त्यासाठीं लहान मुलाच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचेंच उदाहरण घेतलें. वहीऐवजीं चौकटी पाडलेली एक अखंड फीत कल्पिली. एका वेळीं एकच चौकट पाहणारें, तींत खूण करणारें अथवा पुसणारें, आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकणारें एक यंत्र कल्पिलें. एवढ्यावर सारी गणना होऊं शकते असें त्यांनीं दाखविलें.

ह्या निबंधांतील एक बारीकशी व्यवस्था सहसा कोणी सांगत नाहीं. मला ती फार महत्त्वाची वाटते. ट्यूरिंग ह्यांनीं फितीवरील चौकटी एकाआड एक अशा दोन जातींत वाटून दिल्या. एका जातीच्या चौकटींत उत्तराचे अंक लिहावयाचे; ते एकदां लिहिले म्हणजे कधीं पुसावयाचे नाहींत. दुसऱ्या जातीच्या चौकटी कच्च्या टिपणांच्या. काम झालें कीं पुसून मोकळ्या. पाटीवर उत्तराचा कोपरा राखून ठेवणाऱ्या शहाण्या मुलाची ही युक्ति. कोणती जागा कायमची आणि कोणती उसनी, हें यंत्र बनविण्यापूर्वींच त्यांनीं ठरवून टाकलें होतें. त्याच निबंधांत त्यांनीं असें एक सर्वसमावेशक यंत्र वर्णिलें कीं, त्याच्या फितीवर दुसऱ्या कोणत्याही यंत्राचें वर्णन लिहून दिलें असतां तें त्या यंत्राचें काम करूं लागेल. म्हणजे आज्ञा आणि आंकडे एकाच फितीवर, एकाच भांडारांत. मूळ प्रश्नाचें उत्तर मात्र नकारार्थी आलें. अशी सार्वत्रिक रीत असूं शकत नाहीं. त्याच विचारांतून पुढें असेंही निघालें कीं, एखादी आज्ञावली केव्हां तरी थांबेल कीं अखंड चालत राहील, हें सर्व आज्ञावलींस लागू पडेल अशा एका रीतीनें आधीं सांगतां येत नाहीं. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल.

दोन वर्षें अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें अलोन्झो चर्च ह्यांच्या हाताखालीं अध्ययन करून १९३८ सालीं ते डॉक्टर होऊन परतले. पुढल्याच वर्षीं युद्ध सुरू झालें. ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे ब्रिटननें युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, ते ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपि उलगडण्याच्या खात्यांत रुजू झाले. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचें कोडें पोलंडच्या गणितज्ञांनीं आधींच पुष्कळसें सोडविलें होतें. त्या पायावर ट्यूरिंग ह्यांनीं बॉम्ब नांवाच्या नव्या शोधयंत्राची योजना आंखली व गॉर्डन वेल्चमन ह्यांनीं तींत मोलाची भर घातली. जर्मन आरमाराची लिपि सर्वांत बिकट. तिचें काम ट्यूरिंग ह्यांनीं अंगावर घेतलें. अटलांटिक महासागरांतून इंग्लंडास धान्य व सामान आणणाऱ्या जहाजांचा जीव त्या कामावर अवलंबून होता. हें सारें इतकें गुप्त होतें कीं, त्यांच्या आईसही मुलगा काय करतो हें ठाऊक नव्हतें.

ह्या काळांतील त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. चहाचा पेला कोणी नेऊं नये म्हणून ते तो सांखळीनें बांधून ठेवीत, आणि गवताच्या परागांचा त्रास होऊं नये म्हणून तोंडावर विषारी वायूचा मुखवटा चढवून सायकलीवरून जात. परंतु आमच्या विषयाशीं संबंध असलेली गोष्ट चांदीची. १९४० सालीं जर्मन लोक इंग्लंडांत उतरणार अशी भीति होती. पेढींतील पैसे बुडतील म्हणून ट्यूरिंग ह्यांनीं सुमारें अडीचशें पौंडांच्या चांदीच्या लगडी विकत घेतल्या, मुलांच्या ढकलगाडींत घालून शेनली गांवाजवळ नेल्या आणि दोन ठिकाणीं पुरून टाकिल्या. जागा कळावी म्हणून खुणांचें टिपण केलें, आणि तेंही गुप्तलिपींत! युद्ध संपत आल्यावर एका तरुण सहकाऱ्यास घेऊन, स्वतः बनविलेलें धातु शोधण्याचें यंत्र हातांत धरून ते तेथें गेले. ओढ्यावरचा पूल नवा बांधला गेला होता, झाडोरा बदलला होता, खुणा जुळेनात. पुढेंही ते शोधावयास गेले; चांदी मिळाली नाहीं. ती तेथेंच कोठें तरी असावी, परंतु तिच्याकडे जाणारी खूण हरवल्यावर ती असून नसल्यासारखीच. संगणकाच्या स्मृतींत असें नित्य घडतें. वस्तु जागा अडवून बसलेली असते, आणि तिचा पत्ता मात्र कोणाजवळच नसतो.

ऑक्टोबर १९४५ मध्यें ट्यूरिंग टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत आले, आणि वर्ष संपण्याच्या सुमारास त्यांनीं एका विद्युत्-गणकयंत्राचा सविस्तर आराखडा लिहून काढला. त्या यंत्राचें नांव एस. खर्चाचा अंदाज त्यांनीं ११,२०० पौंडांचा दिला होता. त्या काळीं इतर पुष्कळ लोक बेरजा किती जलद होतात ह्याकडे पाहत असत. ट्यूरिंग ह्यांचें मत निराळें होतें: खरा प्रश्न सांठवणुकीचा आहे, भांडार पुरेसें मोठें असेल आणि हवी ती वस्तु त्यांतून लवकर काढतां येईल, तर बाकीचें होईल.

भांडार कशाचें? पाऱ्याच्या नळ्यांचें. सुमारें पांच फूट लांब व एक इंच व्यासाची नळी पाऱ्यानें भरावयाची. दोन्हीं टोकांस गारेचे स्फटिक. विजेचा ठोका एका टोकाशीं पाऱ्यांत कंप उत्पन्न करी. तो कंप दुसऱ्या टोकास सुमारें एक सहस्रांश सेकंदानें पोंचे, त्याची पुन्हां वीज होई, आणि तीच पुन्हां पहिल्या टोकाकडे सोडावयाची. घाटांत ओरडलेला शब्द समोरच्या डोंगरावरून परत यावा आणि तो विरून जाण्यापूर्वीं आपण तोच पुन्हां ओरडावा, तसें हें चाले. एका नळींत असे १,०२४ ठोके फिरत राहत. बत्तीस बत्तीस ठोक्यांचे बत्तीस गट. १९४७ सालच्या एका व्याख्यानांत त्यांनीं दोनशें नळ्यांचा हिशोब मांडला आणि एवढी स्मृति बहुधा एखाद्या बारीक मासोळीएवढी होईल असें विनोदानें सांगितलें. पाऱ्याऐवजीं जिन नांवाची दारू वापरावी, कारण तींत पाणी व मद्यार्क ह्यांचें मिश्रण नेमकें हवें तसें असतें, असेंही ते सुचवीत, अशी आठवण त्यांच्या एका समकालीन शास्त्रज्ञांनीं सांगून ठेविली आहे. प्रयोगशाळेच्या हिशेबनिसांस ती सूचना कशी वाटली असती कोण जाणे!

अशा भांडारांत जागा देणें म्हणजे केवळ रिकामें घर दाखविणें नव्हे. हवा असलेला गट नुकताच नळीच्या तोंडाशीं येऊन निघून गेला असेल, तर तो सारी फेरी करून येईपर्यंत यंत्रानें स्वस्थ बसावयाचें. म्हणून कोणती आज्ञा कोणत्या घरांत ठेवावी, म्हणजे पहिलीचें काम संपतां संपतां दुसरी तोंडाशीं येईल, हा विचार करणें भाग पडे.

आतां आराखड्यांतील सर्वांत सुंदर भागाकडे वळूं. एक मोठें काम चाललें असतां मधेंच एखादें लहान काम करावें लागतें. वर्गमूळ काढावयाचें, एवढेंच म्हणा. त्या लहान कामाच्या पोटांत आणखी एक असूं शकतें. प्रत्येक वेळीं मोठें काम कोठें सोडलें होतें ह्याचें टिपण ठेवावें लागतें, नाहीं तर परतावयाचें कोठें? ट्यूरिंग ह्यांनीं अशी व्यवस्था सांगितली: टिपणें एका नळींत ओळीनें ठेवावीं, सर्वांत नवें टिपण शेवटीं, आणि तें शेवटचें टिपण कोठें आहे एवढाच आंकडा एका निराळ्या लहानशा नळींत राखावा. लहान काम सुरू झालें कीं टिपण पुरावयाचें आणि तो आंकडा एकानें पुढें न्यावयाचा. काम संपलें कीं टिपण उकरावयाचें आणि आंकडा एकानें मागें. ह्या दोन कृतींच्या आज्ञावलींस त्यांनीं नांवेंच दिलीं पुरणें आणि उकरणें. चांदी पुरून खूण हरवलेल्या माणसानें यंत्रासाठीं मात्र खूण हरवूं नये अशी तजवीज केली, हें वाचतांना मौज वाटते.

ज्यांच्या घरीं अजून मडक्यांची उतरंड आहे त्यांस ही रचना नवी वाटणार नाहीं. वरचें मडकें शेवटीं ठेविलेलें, म्हणून तेंच प्रथम निघतें. आणि मधलें ओढूं पाहणाऱ्याच्या पदरीं खापरें येतात. पुढें जर्मनींत बाऊअर व सामेल्सन ह्यांनीं स्वतंत्रपणें हीच कल्पना काढून १९५७ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. आज तिला स्टॅक म्हणतात. अगदीं लहानांत लहान संगणकभाषा घ्या. तिच्या आज्ञा चालत असतां पडद्याआड राबणारा जो नोकरवर्ग असतो, ज्यास रनटाइम म्हणतात, त्याजवळ बहुधा ही उतरंड असतेच. हातचे आंकडे आणि परतीचीं टिपणें तिच्यावर चढतात आणि काम संपतांच आपोआप उतरतात. त्यांची जागा निराळी परत मागावी लागत नाहीं.

पण कांहीं वस्तूंचें आयुष्य असें शिस्तीचें नसतें. त्या कोणी केव्हां मागेल आणि केव्हां टाकील ह्याचा नेम नाहीं. त्यांच्यासाठीं भांडाराचा दुसरा भाग असतो. लहान रनटाइम तेथें सर्वांत सोपी युक्ति योजतो: येथून पुढें जागा मोकळी आहे, अशी एक खूण ठेवावयाची, कोणी दहा घरें मागितलीं तर खुणेपासूनचीं दहा द्यावयाचीं आणि खूण दहा घरें पुढें सरकवावयाची. घरें परत आलीं तर? त्यांची यादी ठेवावयास वेगळी जागा कोठून आणावी? म्हणून रिकाम्या घराच्या पोटांतच पुढल्या रिकाम्या घराचा क्रमांक लिहितात. घर रिकामेंच असल्यामुळें ही यादी फुकट पडते. कठीण प्रश्न निराळाच. हें घर पुन्हां लागणार नाहीं, हें कोणी सांगावें? वर ध्यानांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट येथें आडवी येते. आज्ञावली पुढें काय करील हें सर्व वेळीं आधीं सांगतां येत नाहीं, म्हणून कोणतें घर पुन्हां लागेल हेंही सर्व वेळीं आधीं सांगतां येत नाहीं. मग कामचलाऊ उपाय करावा लागतो. १९६० सालीं अमेरिकेंतील जॉन मॅकार्थी ह्यांनीं आपल्या लिस्प भाषेसाठीं तो प्रसिद्ध केला: ज्या वस्तूंपर्यंत खुणांवरून जातां येतें त्या राखावयाच्या, आणि जिचा पत्ताच कोठें उरला नाहीं ती जागा झाडून मोकळी करावयाची.

आराखडा तयार होता, पण यंत्र उभें राहीना. कार्यालयीन दिरंगाईस कंटाळून ट्यूरिंग १९४७ च्या शरदृतूंत केंब्रिजला गेले आणि १९४८ सालीं त्यांनीं प्रयोगशाळा सोडली. मधल्या काळांत ते धावत असत, आणि नुसते करमणुकीखातर नव्हे. १९४७ च्या मॅरेथॉन शर्यतींत २ तास ४६ मिनिटांत ते पांचवे आले. त्यांच्या आराखड्यावरून बनविलेलें लहान यंत्र १० मे १९५० रोजीं प्रथम चाललें, तेव्हां ते तेथें नव्हते.

ते मँचेस्टर येथें होते. तेथील भांडार पाऱ्याचें नसून कांचेच्या किरणनळ्यांचें होतें. पडद्यावर विजेचे ठिपके, आणि तेच आंकडे. नळ्या थोड्या म्हणून मोठा सांठा एका फिरत्या चुंबकीय पिंपावर असे. तेथून एकेक पान नळीवर आणावयाचें, आणि पान आलें कीं तेथलें जुनें नाहींसें होई. ह्या यंत्रासाठीं १९५१ सालीं ट्यूरिंग ह्यांनीं हस्तपुस्तक लिहिलें. बत्तीस चिन्हांच्या लिपींत, तेंही लहान स्थानाचा अंक आधीं धरून, संख्या उलट्या लिहावयाच्या, अशी त्यांतील पद्धति होती. ती त्यांस सहज जमे. इतरांस तो ताप वाटे. थोर बुद्धीच्या माणसांस दुसऱ्याची अडचण लवकर दिसत नाहीं, हा दोष ट्यूरिंग ह्यांच्या ठायीं होता हें कबूल केलें पाहिजे. त्याच सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि प्राण्यांच्या अंगावर पट्टे व ठिपके कसे उमटतात ह्या विषयावरील त्यांचा निबंध १९५२ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढची हकीकत सांगावयास जड वाटते. एका पुरुषाशीं असलेल्या संबंधावरून, त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें, १९५२ सालीं त्यांच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठीं त्यांस वर्षभर औषधांचा अपमानकारक उपचार सोसावा लागला. सरकारचें गुप्त कामही बंद झालें. ज्या राष्ट्राचीं जहाजें वांचविण्यास त्यांनीं हातभार लावला त्यानेंच त्यांस असें वागविलें. आणि त्यांची युद्धांतील कामगिरी गुप्त असल्यामुळें न्यायालयांत ती पुरतेपणीं कोणी सांगूंही शकलें नाहीं. ७ जून १९५४ रोजीं विल्म्स्लो येथील घरीं सायनाइड विषानें त्यांचा अंत झाला. चौकशींत आत्महत्या असा निकाल झाला. त्यांच्या मातुश्रींनीं तो अपघात आहे असेंच शेवटपर्यंत मानलें. मुलाचें चरित्र त्यांनीं स्वतः लिहून १९५९ सालीं प्रसिद्ध केलें, परंतु ब्लेचलीच्या कामाविषयीं लिहिण्याजोगें त्यांस कांहींच ठाऊक नव्हतें. तें काम १९७० नंतरच्या दशकांत हळूहळू उघड होऊं लागलें.

१० सप्टेंबर २००९ रोजीं ब्रिटनच्या पंतप्रधानांनीं ट्यूरिंग ह्यांस दिलेल्या वागणुकीबद्दल सरकारच्या वतीनें माफी मागितली, आणि २४ डिसेंबर २०१३ रोजीं राणीनें त्यांस मरणोत्तर क्षमा केली. क्षमा कोणीं कोणास करावयाची, असा प्रश्न तेव्हांही कित्येकांनीं विचारला. एस यंत्राचा आराखडा १९४६ नंतर फार थोड्यांच्या हातीं राहिला होता. तो १९७२ सालीं त्याच प्रयोगशाळेनें पुन्हां छापून काढला, आणि पुरणें व उकरणें ह्या दोन आज्ञावली तेव्हां कोठें पुष्कळांच्या दृष्टीस पडल्या. २३ जून २०२१ रोजीं, त्यांच्या जन्मदिवशीं, बँक ऑफ इंग्लंडनें काढलेल्या पन्नास पौंडांच्या नव्या नोटेवर त्यांचें चित्र आहे. शेजारीं १९३६ च्या निबंधांतील एक कोष्टक, त्या लहान यंत्राचें चित्र आणि एक कागदी फीत आहे. फितीवर शून्य व एक ह्या दोनच अंकांत त्यांची जन्मतारीख लिहिलेली आहे.